खडकवासल्यानंतरचा प्रश्न
पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १७ युवतींची पहिली तुकडी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली. या घटनेचे स्वागत करतानाच एका वस्तुस्थितीचे विस्मरण होता कामा नये. प्रबोधिनीचे हे दार सरकारने आपणहून उघडले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील अंतरिम आदेशानंतर ते उघडावे लागले. महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन व नेतृत्वपदे नाकारणारी सरकारची भूमिकाही याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये फेटाळली होती.

तथापि पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हाही पायदळ व चिलखती दल महिला अधिकाऱ्यांना बंदच होते. शांतिसेनेतील भारतीय पथकांचा कणा पायदळाच्या बटालियन हाच असतो. लायबेरियात २००७ मध्ये गेलेले संयुक्त राष्ट्रांचे पहिले सर्व-महिला पथक लष्कराचे नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. क्षमतेचा प्रश्न तर केव्हाच निकालात निघाला आहे. पुण्यात २०१६ मध्ये झालेल्या बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारतीय पथकाचे नेतृत्व सिग्नल कोअरच्या सोफिया कुरेशी यांनीच केले होते.

पायदळाबाबतचे धोरण व त्याचे वेळापत्रक संरक्षण मंत्रालयाने आता स्वतःच जाहीर करावे. प्रत्येक पावलासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहणे सरकारला शोभणारे नाही.