पंपाची लाज कशाला?

चष्मा लावणाऱ्या माणसाला ‘ह्याला चष्म्याची सवय लागली’ असे कोणी म्हणत नाही. पण दम्याच्या रोग्याने चारचौघांत औषधाचा पंप तोंडाला लावला की कुजबुज सुरू होते, ‘पंप लागला! म्हणजे आता शेवटचाच उपाय.’ सोनाळ्यात हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या मते पंप हा शेवटचा नव्हे, पहिला उपाय आहे.

दम्यात श्वासनलिका सुजतात व आकुंचन पावतात. मग औषध थेट तिथेच पोचवणे शहाणपणाचे, की सगळ्या शरीरभर फिरवून पाठवणे? साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते; पंपाच्या एका फवाऱ्यात औषध असते अवघे १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत ४० फवारे! तरीही लोक गोळीला साधी आणि पंपाला ‘कडक’ म्हणतात. फवाऱ्याने पाचेक मिनिटांत आराम पडू लागतो. गोळीला वेळ लागतो, शिवाय हात थरथरतात, छाती धडधडते ते वेगळेच.

मात्र हा आराम देणारा पंप सूज उतरवत नाही. त्यासाठी बुडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा पंप डॉक्टर सांगतील तसा, बरे वाटत असतानाही घ्यावा लागतो. नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, असे ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ ही संस्था २०१९ पासून सांगत आहे. स्टेरॉइड या शब्दाला भिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की हीही मात्रा मायक्रोग्रॅममध्येच असते. घेतल्यावर चूळ तेवढी भरावी.

आपल्याकडे चुलीत पऱ्हाटी जळते, सोयाबीन काढताना कुटार उडते. या धुराधुळीत बायका राबतात, आणि पंप लपवावा लागतो तोही त्यांनाच. माझी आत्या तो पिठाच्या डब्यामागे ठेवते. पाहुणे बसलेले असले की दम लागला तरी काढत नाही. लग्न जमवताना तर मुलीच्या पंपाचे नावच नको! मृग लागला की हैदराबादेस जाऊन जिवंत मासा गिळण्याची लाज कोणाला वाटत नाही. श्वास घेण्याची मात्र वाटते.

हे दोन्ही पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण करूच. पण मित्रमैत्रिणींनो, घरातली लाज सरकार काढणार नाही. पाहुण्यांसमोर आत्याच्या हाती पंप देणे, एवढे तरी आपण शिकलेल्यांनी करावे.