भुतांचा मानपान

भुताची गोष्ट आवडते असे चारचौघांत म्हणायची आपल्याकडे सोय नाही. नारायण धारपांची पुस्तके वाचनालयातून आणायची, रात्रभर दिवा ठेवून वाचायची आणि पाहुणे आले की चटकन उशाखाली सारायची, हा शिरस्ता मी कित्येक सुशिक्षित घरांत पाहिला आहे.

म्हणून मला स्पेनमधल्या सित्जेस गावाचे भारी कौतुक वाटते. बार्सिलोनाजवळचे हे समुद्रकाठचे छोटे गाव. जनरल फ्रँकोच्या अमदानीत, १९६८ साली, तेथे भयपटांचा आणि अद्भुतपटांचा महोत्सव सुरू झाला. आता दर ऑक्टोबरात भुते, राक्षस आणि परग्रहवासी तेथे मानाने उतरतात. महोत्सवाचे बोधचिन्हच मुळी किंगकाँग!

२०१८ साली ह्याच महोत्सवात राही अनिल बर्वे ह्यांचा ‘तुंबाड’ दाखवला गेला. बोलपट हिंदी, पण वाडा, पाऊस आणि माणसे कोकणातली. १९९३ साली एका मित्राने ऐकवलेली धारपांची कथा हे त्याचे बीज, असे बर्वे सांगतात. हा मान पाहायला धारप मात्र नव्हते. ते २००८ सालीच गेले.

हाव वाईट, हे दहा कीर्तने ऐकूनही आपल्याला पटत नाही. सोन्याच्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा अंधारात उतरणारा माणूस एकदा पाहिला, की पटते. असे काम करणाऱ्या कथेला आपण पंगतीबाहेर का बसवावे?

तेव्हा यंदा फराळानंतर घरातले कोणी वडीलधारे भुताची गोष्ट सांगू लागले, तर कृपा करून ‘पुरे आता’ म्हणू नका.