विशीतले हृदय आणि ताटातला इतिहास

१/ हृदयविकार हा उतारवयाचा आजार, ही समजूत १९५३ साली मोडली. कोरियाच्या युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी एनॉस, होम्स आणि बेयर या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. सैनिकांचे सरासरी वय होते सुमारे २२ वर्षे.

२/ धडधाकट म्हणून सैन्यात घेतलेल्या या तरुणांपैकी ७७.३ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत विकाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसल्या. कुठे वाहिनीची भिंत किंचित जाड, तर कुठे वाहिनी पूर्ण बंद. पन्नाशीतल्या झटक्याचा पाया विशीतच घातला जातो, हे आता नाकारता येत नव्हते.

३/ हा पाया अटळ असतो काय? उत्तर शोधताना दुसऱ्या महायुद्धातील नॉर्वेकडे वळावे लागते. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने त्या देशावर आक्रमण केले. मांस, लोणी, साखर दुर्मिळ झाली. बटाटे, धान्य, भाज्या आणि मासे यांवर गुजराण होऊ लागली.

४/ स्ट्रोम आणि जेन्सन यांनी १९५१ मध्ये त्या वर्षांच्या मृत्युनोंदी मांडल्या. रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू युद्धकाळात घटले आणि युद्धानंतर पुन्हा वाढले. अर्थात, तंबाखूचाही तुटवडा होता आणि पायपीटही वाढली होती. सारे श्रेय आहाराला देणे अप्रामाणिक ठरेल.

५/ पहिल्या महायुद्धातील डेन्मार्कचा धडा थोडा निराळा आहे. १९१७ मध्ये नाकेबंदीने धान्य व पशुखाद्याची आयात आटली. डुकरांचे धान्य आणि बटाटे माणसांना द्यावेत, असा डॉ. मिकेल हिंडहेडे यांचा आग्रह होता. कळप घटवले गेले, कोंड्यासह पाव घरोघर आला आणि देश उपासमारीतून वाचला.

६/ त्यामागचे गणित साधे होते. धान्य जनावराला घालून मांस मिळवताना बहुतेक ऊर्जा वाटेतच खर्च होते. त्याच जमिनीवर अधिक माणसे जगवायची, तर धान्य थेट ताटात आले पाहिजे. ‘शाश्वत आहार’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका देशाने तो अपरिहार्यतेने आचरला.

७/ युद्धाविना हेच तपासता येते का? अमेरिकेत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या तरुणांवर ‘कार्डिया’ अभ्यास सुरू झाला. ४,९४६ जणांच्या सुमारे ३२ वर्षांच्या नोंदींचे एक विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पतीप्रधान, सकस आहारात सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातील लोकांना हृदयरोगाचा धोका तळच्या हिश्श्याहून ५२ टक्क्यांनी कमी आढळला.

८/ येथे एक बाब विसरता कामा नये. वरचे गुण मिळवणारे सगळे शाकाहारी नव्हते; मासे त्यांच्या ताटात होतेच. उलट तळलेला बटाटा वनस्पतीजन्य असूनही गुणांत भर घालत नव्हता.

९/ भारतीय वाचकाला हा भेद नीट कळायला हवा. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्यामुळे घराघरांत पोहोचलेले वनस्पती तूप पूर्णतः शाकाहारी होते; तरीही तेल हायड्रोजनने घट्ट करण्याच्या प्रक्रियेत हृदयाला घातक ट्रान्स फॅट तयार होत असे. त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणायला जानेवारी २०२२ उजाडावा लागला.

१०/ म्हणून केवळ शाकाहाराच्या अभिमानाने हृदय सुरक्षित राहत नाही. मैदा, साखर आणि तळण यांनी भरलेले ताटही शाकाहारीच असते. ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे हा आहार जमिनीला झेपतो आणि रक्तवाहिन्यांनाही. नॉर्वे आणि डेन्मार्कवर ताट बदलण्याची वेळ युद्धाने आणली. आजच्या विशीतल्या तरुणाला ती निवड शांततेच्या काळात करता येते, आणि ती आताच करायला हवी.