मोठे इंजेक्टर टाकले की पॉवर वाढते? ‘ई२०’च्या वादात कामाला येणारं गणित

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यावरून २०२५ मध्ये सोशल मीडियावर भरपूर गदारोळ झाला. मायलेज पडलं, रबरी पार्ट्स खराब होतील, अशा तक्रारी सुरू होत्या. या धोरणाविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मग ‘इंजेक्टरच मोठे टाका’ हा सल्ला खरंच कामाचा आहे का? चला, गणित करून बघूया.

अमेरिकेतला ट्रक

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप ट्रकमधल्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनला टर्बो बसवणारे खूप जण आहेत. मूळ ताकद साधारण २८५ हॉर्सपॉवर. समजा, त्यातून ५०० हॉर्सपॉवर काढायची आहे.

टर्बो जास्त हवा आत ढकलतो. त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही, तर मिश्रण ‘लीन’ होतं, नॉकिंग सुरू होतं आणि शेवटी पिस्टन जातो. म्हणून इंजेक्टर हिशोबाने निवडायचा:

- टर्बो इंजिनला एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण ०.६ पाउंड पेट्रोल लागतं. म्हणजे ५०० साठी ३०० पाउंड.
- आठ सिलिंडरमध्ये वाटलं तर प्रत्येकी ३७.५ पाउंड.
- इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. ८० टक्क्यांची मर्यादा धरली तर ४७ पाउंड, म्हणजे मिनिटाला सुमारे ४९० सीसी.

आता हाच ट्रक ‘ई८५’वर चालवायचा म्हटलं तर? एक भाग पेट्रोल जाळायला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त ओतावं लागतं. ई८५ साठी इंजेक्टर साधारण एक तृतीयांश मोठा हवा, म्हणजे ६२ पाउंडांच्या आसपास.

डब्यावरचा आकडा फसवतो

पहिली गोष्ट दाबाची. बरेच इंजेक्टर ३ बार दाबावर मोजलेले असतात, पण या ट्रकमध्ये दाब असतो ४ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ४२ पाउंडांचा इंजेक्टर तिथे सुमारे ४८ पाउंड देतो. पेट्रोलवर तो पुरतो, उगाच महागडा घ्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट विजेच्या रोधाची. मूळ ईसीयू साधारण १२ ओहमच्या इंजेक्टरसाठी बनवलेला असेल आणि तुम्ही २-३ ओहमचा लावला, तर ईसीयूचा ड्रायव्हर सर्किट जळू शकतो.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ‘डेड टाइम’. सिग्नल मिळाल्यावर इंजेक्टर उघडायला अंदाजे एक मिलिसेकंद लागतो, बॅटरीचा व्होल्टेज पडला तर आणखी जास्त. ही माहिती ट्यूनरने ईसीयूत भरली नाही, तर गाडी सिग्नलला उभी असताना आचके देते. त्यामुळे ज्या इंजेक्टरसोबत हा डेटा मिळत नाही, तो स्वस्त असला तरी नकोच.

मग आपल्या ई२०चं काय?

ई२० ला साधारण १३.५ भाग हवा लागते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत इंधन ८-९ टक्के जास्त द्यावं लागतं. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. एवढ्यासाठी कंपनीचा इंजेक्टर सहसा पुरतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत ही सोयच नसते, आणि जुन्या रबरी सीलचा प्रश्न वेगळाच.

मायलेज घटतं ते इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६-७ टक्के घट अपेक्षित धरली होती. इंजेक्टर बदलून ती ऊर्जा परत येणार नाही.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात, इंजेक्टर पॉवर बनवत नाही. हवा जेवढी आत जाते, तेवढ्या हवेला पुरेल इतकं इंधन देणं एवढंच त्याचं काम. पुढच्या वेळी कोणी ‘मोठे इंजेक्टर टाक, गाडी पळेल’ म्हणालं, तर आधी विचारा: जास्तीची हवा कुठून येणार?