टाळी देणारे हात

मध्य प्रदेशच्या १९९८ ते २००३ या काळातील विधानसभेत शहडोल जिल्ह्यातील सोहागपूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व शबनम मौसी यांनी केले. ज्या समाजाला दारोदार नाचून, टाळी वाजवून पोट भरावे लागते, त्या समाजातील ही व्यक्ती अपक्ष म्हणून निवडून आली आणि भोपाळच्या सभागृहात इतर आमदारांच्या मांडीला मांडी लावून बसली. तृतीयपंथी व्यक्ती आमदार होण्याची देशातील ही पहिलीच घटना. सामान्य मतदाराने दाखविलेला हा समंजसपणा शहाण्यासुरत्या म्हणविणाऱ्यांनी कधी दाखविला काय, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या तृतीयपंथीयांचा नव्हे. ज्यांच्या देहाकडे आणि हावभावांकडे पाहून आपण करमणूक करून घेतो आणि नंतर ज्यांना हिणवतो, त्या सर्वांचाच तो आहे. आपल्या किनाऱ्यावर जत्रेच्या रात्री दशावतारातील स्त्रीपार्टी नट पदर सावरीत रंगमंचावर येतो, तेव्हा आपण भान हरपून पाहतो. बालगंधर्वांच्या शालूची आणि अंबाड्याची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली, आणि १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मात्र तमाशापटांत नाच्याची भूमिका करणाऱ्या कोल्हापूरच्या गणपत पाटलांच्या वाट्याला काय आले? 'केला इशारा जाता जाता'सारख्या चित्रपटांत त्यांच्या लचकण्यावर थिएटरे हसली. पण हा बायकामुलांचा संसारी माणूस रस्त्याने निघाला की तीच माणसे टोमणे मारीत. पडद्यावरचे सोंग त्यांच्या अंगाला कायमचे चिकटले आणि त्याची झळ घरच्यांनाही पोहोचली. २००८ साली ते गेले. दोनच वर्षांनी, नाच्या बनलेल्या पहिलवानाची कथा सांगणाऱ्या 'नटरंग'ला आपण डोळे पुसत दाद दिली. पडद्यावरच्या दुःखाला अश्रू आणि जिवंत माणसाला हेटाळणी, हा आपला न्याय!

गणपत पाटलांचे नुसते सोंग होते. ज्याचे सोंग नाही, जो खरोखरच समलिंगी आहे आणि प्रौढांसाठीच्या उघड्यावाघड्या चित्रपटांत देह दाखवून जगतो, त्याची अवस्था काय असेल याची कल्पनाच केलेली बरी. तो या उतरंडीतील सर्वांत खालचा. असे चित्रपट विकणारा आणि पसरविणारा आपल्याकडे कायद्याने शिक्षेस पात्र ठरतो; घराची कडी लावून ते पाहणारा प्रौढ मात्र बहुधा मोकळाच राहतो. काम करणाऱ्याचा चेहरा जगापुढे उघडा, पाहणाऱ्याचा अंधारात. मग निंदा कोणाच्या वाट्याला येणार, हे सांगावयास नकोच.

या व्यवसायाची भलामण आम्ही करीत नाही. जेथे सक्ती आहे, फसवणूक आहे, अजाण वयाची मुले आहेत, तेथे कायद्याचा बडगा निष्ठुरपणे चालला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु धंदा निषिद्ध मानणे वेगळे आणि माणूसच निषिद्ध ठरविणे वेगळे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे ३७७ वे कलम आपल्या ऋषिमुनींनी लिहिले नव्हते. १८६० साली इंग्रजांनी ते आपल्या माथी मारले. इंग्रज गेला, पण ते कलम आपण संस्कृतीच्या नावाने आणखी सत्तर वर्षे जपले! ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. तत्पूर्वी, २०१४ साली, तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळखही त्याच न्यायालयाने मान्य केली होती.

न्यायालयाने आपले काम केले. उरलेले काम न्यायालयाच्या आवाक्यातले नाही. ते घराच्या ओटीवर आणि शाळेच्या पटांगणावर व्हावयाचे आहे. बायकी चालीच्या मुलाला वर्गात मिळणारे टोपणनाव, त्याच्या बापाला नाक्यावर ऐकावे लागणारे बोल आणि अखेर त्या मुलाने गाव सोडून धरलेली मुंबईची वाट ही सारी एकाच साखळीची कडी आहेत. घराने आणि गावाने दार लावले म्हणजे मिळेल ते काम पत्करावे लागते. त्याच कामाबद्दल पुढे आपणच त्याला दूषणे देतो.

सोहागपूरच्या मतदारांनी दार उघडले, तेव्हा टाळी वाजवून जगणारी व्यक्ती थेट विधानसभेत पोहोचली. नाटकाला टाळी देणारे आपले हात पडदा पडल्यावर दगड उचलणार असतील, तर दोष नटाचा नव्हे, प्रेक्षकाचा आहे.