आवाजाची काटकसर

माझी थोरली बहीण, आक्का, पंचाहत्तरीतही रोज पहाटे रियाज करायची. रविवारी सकाळी मी तिला मोबाइलवर फोन करी, तेव्हा तिच्याजवळचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालूच असे. तिचा शब्द न् शब्द कळे. तंबोरा मात्र तुटत तुटत येई. मला वाटे, रेंज नसेल. पण शेजारच्या इंजिनिअर मुलीने खरे कारण सांगितले आणि मी थक्क झालो.

जुन्या डिजिटल टेलिफोनमध्ये आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापे घेत आणि प्रत्येकासाठी ८ बिट खर्चत. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. बिनतारी फोनला ही चैन परवडणारी नव्हती. तोड सापडली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. जपानमध्ये इटाकुरा आणि सैतो, तर अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी एक साधी गोष्ट हेरली. माणसाचा घसा, जीभ, ओठ क्षणार्धात फारसे बदलत नाहीत. तेव्हा पुढचे मोजमाप आधीच्या मोजमापांवरून बरेचसे वर्तवता येते.

आम्ही बँकेत वेगळे काय करत होतो? पगाराच्या तारखेला किती रोकड लागेल, याचा अंदाज मागच्या महिन्यांवरून बांधायचा आणि चुकला तर फरक तेवढा कळवायचा. फोनही दर २० मिलिसेकंदांना बोलणाऱ्याच्या गळ्याचा जणू साचा पाठवतो आणि सोबत चुकीची थोडक्यात नोंद. आवाज पुन्हा घडतो तो पलीकडच्या फोनमध्ये. सुरुवातीच्या जीएसएम मोबाइलचे काम असे १३,००० बिटांत भागू लागले. १९८५ मध्ये अटल आणि श्रोडर यांनी सुचवलेल्या सुधारणेचे वंशज आजही आपल्या मोबाइलमध्ये आहेत. पण साचा माणसाच्या गळ्याचा. तंबोरा त्यात कसा मावणार? एकसारखा चालणारा सूर तर फोन गोंगाट समजून दाबूनही टाकतो.

या काटकसरीबद्दल माझी तक्रार नाही. भाजीवालीच्या हातात फोन आला, त्यात तिचाही वाटा आहे. पण पावती म्हणजे रक्कम नव्हे, हे मी बँकेत जन्म काढूनही विसरलो.

गेल्या पावसाळ्यात तंबोरा ऐकू येईनासा झाला. नव्याने शहाणा झालेला मी समजलो, फोनने गाळला असणार. "बरी आहे रे," आक्का म्हणे. गणपतीत गेलो, तर तंबोऱ्यावर धूळ. तिच्या यजमानांना जाऊन वर्ष होत आले होते आणि रियाज सुटून दोन महिने झाले होते.

बोलणारा थांबला की मोबाइल बहुधा ती शांतता पाठवतच नाही; फोन तुटला असे वाटू नये म्हणून पलीकडे कृत्रिम खरखर भरतो. आक्काच्या "बरी आहे"नंतर मी ऐकत होतो, ती शांतता तिची नव्हतीच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : निरोप, हिशेब, खुशाली फोनवर जरूर सांगावी. पण आपले माणूस फोनवर वारंवार "बरी आहे" म्हणू लागले, तर एसटी धरावी.

त्या दिवशी आम्ही चहा घेतला आणि कितीतरी वेळ काहीच बोललो नाही. ते मात्र मला स्वच्छ ऐकू आले.