भिंतीत एक वाट ठेवा

आमच्या खामगावात ओळखीचा माणूस पायी दिसला की लोक गाडी थांबवतात. "काका, गाडी बिघडली का? बसा मागं, सोडतो." मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. एकतीस वर्षं बीटवर काढली, निम्मी सायकलवर, निम्मी पायदळ. बिघडायला माझ्याकडं गाडीच नाही म्हटलं की समोरच्याला माझी कीव येते.

हेच लोक गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा तिच्यासोबत खामगाव ते शेगाव सुमारे 17 किलोमीटर पायदळ जातात. पावसात, चिखलात, पायाला फोड आले तरी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातलाच एखादा दुधाच्या पिशवीसाठी गाडीला किक मारतो. त्याला आळशी म्हणून मोकळं होता येईल. मी म्हणणार नाही, कारण त्याचं घर कुठं आहे ते मला माहीत आहे.

जुनं खामगाव कापसाचं. 1870 मध्ये त्या कापसासाठीच जलंबहून रेल्वेचा फाटा इथवर आला. त्या काळातलं गाव बैलगाडीच्या आणि माणसाच्या मापानं वाढलेलं, त्यामुळं बोळाला बोळ जोडलेला. एका आळीतून निघालं की दोन ओटे ओलांडून दुसऱ्या आळीत. माझी सगळ्यात मोठी बीट याच भागात होती, आणि दुपारच्या जेवणाच्या आत ती संपायची.

नंतर गावाभोवतीची शेतं अकृषक झाली आणि प्लॉट पडले. एक शेत म्हणजे एक लेआउट. आत सरळ रस्ता आणि शेवटी आडवी भिंत. पलीकडच्या शेतात दुसरा लेआउट पडला, त्याचाही रस्ता याच भिंतीला येऊन टेकला. दोन्हींकडची घरं पाठीला पाठ लावून उभी. इकडच्या कुकरची शिट्टी तिकडच्या पोळीवालीला ऐकू जाते. पण तिकडं पत्र द्यायचं तर मी उलटा मुख्य रस्त्यावर यायचो, ट्रकांच्या कडेकडेनं पुढच्या कमानीपर्यंत जायचो आणि आत शिरून पुन्हा त्याच भिंतीशी पोचायचो. बारा पावलांच्या कामाला वीस मिनिटं. मला त्याचा पगार होता. शाळा भिंतीपलीकडं असलेल्या पोराला कोण पगार देतो? त्याची आई स्कूटी काढते. अशा शंभर आया एकाच वेळी निघाल्या की शाळेसमोर गर्दी होते, आणि मग मागणी येते: रस्ता रुंद करा.

आपल्याकडं नियोजनाची चर्चा इथंच सुरू होते आणि इथंच संपते. चहाच्या टपरीवर बसा, रुंदीकरण आणि पार्किंग यापलीकडं तिसरा शब्द कोणी काढत नाही. व्यापारी म्हणतो, गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. त्याचं अगदीच चूक नाही. दहा किलोची पिशवी घेऊन मेच्या उन्हात कोण चालेल? सावली देणारा कडुनिंब तर आधीच्या रुंदीकरणात गेला. पण चारचाकीवाले आहेत तरी किती? 2011 च्या जनगणनेत देशभरातल्या बिगरशेती कामगारांना विचारलं होतं, कामाला कसे जाता. सुमारे साडेचार कोटी म्हणाले पायी. मोटार, जीप, व्हॅन सांगणारे साधारण 54 लाख. तेव्हापासून गाड्या वाढल्या, मान्य. तरी आठवडी बाजाराच्या दिवशी बसस्थानकाबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा, कोण जास्त आहे.

सरकारी कागदावर पायी माणसाची आबाळ नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आपल्याकडं नालीवरचे ढापे हाच फुटपाथ. त्यावर प्रत्येकानं आपापली गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार केलेला. एक उतार चढा, उतरा, लगेच दुसरा चढा. माझ्या घरासमोरही आहे, मुलाच्या मोटारसायकलसाठी. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजी त्यावरूनच घसरल्या. दोष मी कोणावर ढकलू?

नगररचना कायदा 1966 चा आहे. त्याप्रमाणं विकास आराखडा होतो, आणि वीस वर्षांत एकदा तरी तो सुधारायचा असतो. त्यात शाळा, बाग, रस्ता यांची आरक्षणं पडतात. दहा वर्षं जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि मुदतीत संपादन झालं नाही की आरक्षण उठतं. पैसा नसलेल्या लहान गावात बागा अशाच कागदावर उगवतात आणि कागदावरच वाळतात. मी बाग मागत नाही. दोन लेआउट जिथं पाठ लावतात तिथं पाच फुटांची पायवाट दाखवा आणि ती असल्याशिवाय लेआउट मंजूर करू नका, एवढंच. याला संपादन लागत नाही की निविदा.

खामगावावरून जातो त्याच राष्ट्रीय महामार्गावर जून 2022 मध्ये अमरावती-अकोला टप्प्यात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. म्हणजे काम करायचं ठरवलं की होतं.

माझ्या जुन्या बीटवर अशाच एका भिंतीत कोणीतरी रात्रीतून भगदाड पाडलं होतं. पंधरा दिवसांत ते विटा लावून बुजवलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा बुजवायला कोणी आलं नाही. परवा तिकडून गेलो तर भगदाडाच्या दोन्ही बाजूंना पायरी म्हणून एकेक दगड ठेवलेला होता. शाळा सुटली होती. पोरं दप्तर आधी पलीकडं टाकत होती आणि मागून आपण.